वन्संचे आठ दिवस

वन्सं गेल्या त्या दिवशी दुपारी मला त्यांच्याकडे सीताफळं खायला जायचं होतं. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण तसं ठरलं होतं खरं, आणि ठरवणाऱ्या वन्संच होत्या. सकाळी मी कुंदाची वेणी घालत बसले होते. कुंदा माझी थोरली लेक, पहिलटकरीण, पाचवा महिना लागलेला. ओकाऱ्यांनी बेजार होऊन नागपूरहून लवकरच माहेरी आलेली. एक वेणी झाली होती, दुसरीचे पेड सोडवत होते, तेवढ्यात मागच्या गल्लीतून वन्संची सून सुशीला लगबगीनं आली आणि दारातच थबकली. "मामी, चलता का... सासूबाई उठून नाही राहिल्या," एवढंच म्हणाली. आवाजावरूनच मला कळलं. एका वेणीची कुंदा मागे आणि मी पुढे, अशा आम्ही गेलो. वन्सं भिंतीकडे तोंड करून, नेहमीच निजायच्या तशा निजलेल्या होत्या. उशाशी तांब्या-फुलपात्र झाकलेलं, पाणी तसंच होतं. त्याला आता पाच आठवडे होत आले. या पाच आठवड्यांत मी जितकी रडले त्याहून अधिक हसले, हे कबूल करते. वन्संची कुठलीही आठवण काढा, ती फिरून फिरून हसण्यापाशीच येते. त्याला माझा इलाज नाही.

वन्सं म्हणजे गोदावरीबाई, माझ्या यजमानांची थोरली बहीण. त्यांचं सासर आणि माहेर एकाच मोहल्ल्यात. जबलपूरला गोलबाजारामागे आमचं घर, आणि एक गल्ली सोडून त्यांचं. त्यांचे यजमान तारखात्यात होते. शेजारपाजारची हिंदी मंडळी त्यांना गोदा दीदी म्हणत, आणि वन्संच्या बोलण्यात मराठी कुठे संपली आणि हिंदी कुठे सुरू झाली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ठेंगण्या, ठसठशीत, आवाज खणखणीत. त्या येत आहेत हे आम्हाला त्या दिसण्याआधी दोन घरं तरी कळायचं. नवी भाजी असो, नवा साबण असो की नवं व्रत असो, आधी त्या "अच्छा?" म्हणायच्या, मग डोळे बारीक करायच्या आणि मग त्यांचं ठरलेलं पालुपद यायचं, "चलो, करून पाहू." मी लग्न होऊन अमरावतीहून इथे निघाले तेव्हा आईनं बजावलं होतं, नणंद गावातच आहे, जपून राहा. माझ्या आईचं दुसरं कुठलं भाकीत इतकं साफ चुकल्याचं मला आठवत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. चौथा चालू होता. कार्तिकी पौर्णिमेला भेडाघाटला जत्रा भरते, तिथे वन्संनी मला नेलं. सासूबाईंना पटवणं, छकड्यात गादी घालणं, हळू हाक म्हणून गाडीवानाला दहादा दटावणं, सगळं त्यांनीच केलं. धुआंधार धबधब्याचे तुषार तोंडावर येतील अशा बेतानं आम्ही एका पांढऱ्या खडकावर बसलो. एक खेडवळ बाई टोपलीतून हंगामातली शेवटची सीताफळं घेऊन आली. इकडच्या खडकाळ टेकड्यांवर सीताफळं कोणी लावावी लागत नाहीत, आपली आपणच येतात. वन्संनी डोळे उघडलेली दोन मोठी निवडली, एक फोडून माझ्या हातावर ठेवलं, एक स्वतः घेतलं. "खा इंदू, खरवस आहे नुसता!" इतकं गोड सीताफळ मी त्याआधी खाल्लं नव्हतं. बिया आम्ही पाण्यात उडवल्या, कोणाची लांब जाते ते पाहत. त्या चार लेकरांची आई आणि मी पोटुशी, पण त्या वेळी कोणी पाहिलं असतं तर शाळेतून पळून आलेल्या दोन मुली म्हणाला असता.

सहाव्या दिवशी माझा गर्भ गेला.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. पण अशा वेळी तेव्हा एकच प्रश्न विचारला जायचा आणि तो त्यांनी विचारला, "काय खाल्लं होतं?" मी म्हणाले, सीताफळ. "एवढं थंड फळ, अशा दिवसांत? कोणी दिलं?" वन्सं तेव्हा गरम पाण्याचं घंगाळ घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी म्हणाले, "कोणी नाही. मीच घेतलं." वन्संनी तोंड उघडलं, मिटलं, घंगाळ खाली ठेवलं आणि त्या निघून गेल्या. त्यांचं नाव मी का घेतलं नाही? मोठेपणा वगैरे काही नाही. त्यांनी ते मायेनं दिलं होतं, मायेनं दिलेल्यावर आळ घ्यायला माझी जीभ उचलेना, एवढंच. स्वतःवर मात्र मी तो घेतला. सीताफळ पुन्हा तोंडात घालायचं नाही असं मनाशी ठरवलं आणि कोणाला सांगितलं नाही. माझं बाळ माझ्याच जिभेनं गेलं, हे त्या ठरवण्याच्या आत होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीनं असं काही मनात घेतलं की ते फार खोल जाऊन बसतं.

दीड वर्षानं पुन्हा दिवस राहिले आणि सगळं घर माझ्या ताटावर पहारा ठेवून बसलं. पोटात बाळ माझ्या, पण तोंडावर राज्य बाकी सगळ्यांचं! सासूबाईंची यादी मोठी होती. पपई, तीळ, गूळ उष्ण म्हणून बंद. ताक, पेरू, काकडी थंड म्हणून बंद. आंबट नको, तिखट नको, तेलकट नको. जांभळानं बाळ काळं होतं आणि जोडकेळ्यानं जुळं. केशराचं दूध मात्र रोज सकाळी, बाळ गोरं व्हावं म्हणून. एवढ्यानं भागलं नाही. माझे यजमान सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत कारकून होते. तिथल्या कुणा स्नेह्यानं त्यांना एक चोपडी वाचायला दिली. तिच्यात लिहिलं होतं की शिजवलेलं अन्न मेलेलं असतं आणि माणसाचे सगळे रोग चुलीतून निघतात. आमच्या घरच्यांचा स्वभाव असा की एखादी गोष्ट छापलेली दिसली की ती खरी. त्यांनी माझ्यासाठी मोड आलेले चणे, कच्चा पालक, कच्चं गाजर असा आहार मुक्रर केला, आणि मिठाला रजा दिली. सासूबाईंनी पालक आणि चणे वातूळ म्हणून काढून टाकले. ह्यांनी दूध तापवलेलं म्हणून काढून टाकलं. एक दिवस वन्सं आल्या, माझ्या ताटाकडे पाहिलं आणि दोन्ही याद्या ऐकून घेतल्या. मग म्हणाल्या, "अच्छा! म्हणजे भात शिजलेला, पालक वातूळ, दूध तापलेलं. राहिलं काय? गाजर. काहून रे, हिच्या पोटात लेकरू आहे का घोडा?"

आणि त्याच दिवशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून, त्यांनी तो कायदा केला. "आजपासून या घरात जो पथ्य सांगेल त्यानं ते पहिले आठ दिवस स्वतः पाळायचं. आठ दिवस पाळून त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं, तर मग इंदूला लावू."

"मी काहून पाळू?" सासूबाई उसळल्या. "माझ्या पोटात आहे काय?"

"नाही ना? मग तर सोपं आहे आई. तिला दोन जिवांनी पाळायचं, तुला एकाच जिवानं पाळायचं. चलो, करून पाहू."

सासूबाईंची जीभ अस्सल वऱ्हाडी. ठेच्याशिवाय त्यांचा घास उतरत नसे. पण लेकीपुढे हार जायची नाही म्हणून त्यांनी तिखट, आंबट, तेल सगळं सोडलं आणि दोन दिवस अशा चेहऱ्यानं वावरल्या की शेजारणी चौकशीला आल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डाळ काढायला सामानाच्या खोलीत गेले, तर सासूबाई डब्यांच्या आडोशाला बसून भाकरीशी तळलेली सांडगी मिरची खात होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मुद्रेवर असं समाधान होतं की मला परत फिरावंसं वाटलं. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. "गोदीला सांगू नको," त्या म्हणाल्या, आणि उरलेली अर्धी मिरची माझ्या हातावर ठेवली. गेल्या चार महिन्यांत इतकं चवदार काही माझ्या तोंडात पडलं नव्हतं. मी वन्संना सांगितलं नाही, पण त्यांना आपोआप कळलं. दोघींच्या तोंडाला सारखाच वास होता. सासूबाईंच्या यादीतून तिखट गेलं, त्यामागून आंबट गेलं.

आज आजी व्हायच्या बेतात असताना मला सासूबाईंचं मन कळतं. त्यांची स्वतःची दोन बाळं गेली होती, एक पोटातच आणि एक सव्वा महिन्याचं. का गेली ते कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं. जिथे काहीच हातात नाही तिथे निदान ताट तरी हातात आहे, असं बाईला वाटतं. हे नको खाऊ, ते नको खाऊ, म्हणजे मग तसं नाही होणार... त्या सगळ्या मनाईत भीतीच भरलेली असते. वन्संना हे माझ्या आधी कळलं होतं. म्हणून त्या आईशी भांडल्या, पण तिची टर मात्र त्यांनी कधी उडवली नाही. केशराचा विषय निघाला तेवढीच एक वेळ सोडून. तेव्हा त्यांनी आपली चारही लेकरं ओळीनं उभी केली आणि म्हणाल्या, "चारही केशराच्या दुधावरची आहेत आई. पाहून घे. एकेक बापावर गेलं आहे."

ह्यांचे आठ दिवस चार दिवसांत आटोपले. मोड आलेल्या चण्यांचा डबा कचेरीत न्यायचा, आल्यावर पाटावर बसून गाजर चावायचं आणि माझ्या ताटातल्या वरणभाताकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचं. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्वारी गुणगुणत घरी आली. वन्सं ओसरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी भावाला जवळ बोलावलं, मिशीकडे बोट केलं आणि विचारलं, "काय रे, फुहारा चौकातला हलवाई आता खोव्याची जिलबी कच्चीच विकून राहिला काय?" मिशीला पाक होता. चोपडी दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला परत गेली.

पण कोणी असं समजू नये की वन्संना सगळंच झुगारायचं होतं. पाचव्या महिन्यात त्या मला मिशनच्या दवाखान्यात लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी डाळ, पालेभाजी, दूध, दुपारी तासभर आडवं होणं आणि पाणी उकळून पिणं असं सांगितलं. वन्संनी त्यांनाही सोडलं नाही. "आप खुद उबाल के पीती हैं?" त्या हसून म्हणाल्या, रोज. तरी वन्संनी घरी येऊन आठ दिवस उकळलेलं पाणी प्यायलं आणि नवव्या दिवशी निकाल दिला, "बेचव आहे, पण भांडण नाही काही. चालू द्या." तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत उकळलेलं पाणी आहे. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मोहल्ल्यात पटकी आली आणि आमच्या दोन घरांना शिवली नाही, तेव्हा सासूबाई स्वतः शेजारच्या बायकांना पाणी उकळायला सांगत फिरल्या.

सातव्या महिन्यात सीताफळं आली. त्या हंगामात वन्संनी एक नवीनच उद्योग काढला. टोपली घेऊन कोणी बाई गल्लीत आली की तिला आमच्या अंगणात बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, "क्यों बाई, तुम पेट से थीं तब भी खाती थीं?" आत माजघरात मला ऐकू जाईल अशा आवाजात. त्या बायका हसत सुटायच्या. एक म्हातारी म्हणाली, "काए बाई, कुँआर-कातिक में हम औरें और का खाएँ? मोड़ी पेट में हती, तब भी जेई खाओ!" आश्विन-कार्तिकात आम्ही दुसरं खाणार तरी काय, मुलगी पोटात होती तेव्हाही हेच खाल्लं, असा तिचा उलट सवाल. अशा किती जणींना वन्संनी विचारलं असेल! पाटणच्या, बरगीकडच्या, भेडाघाटच्या. हा त्यांचा नेम पुढे दरसाल चालला. घेतलेली सीताफळं त्या आपल्या घरच्या पत्र्याच्या कोठीत, गव्हात खोल पुरून ठेवायच्या, बाही सारून रोज चाचपायच्या आणि पिकली की गर काढून घरोघर वाट्या पाठवायच्या. माझ्याकडेही वाटी यायची. खा असं त्या मला कधी म्हणाल्या नाहीत. मी वाटी मुलांपुढे सरकवायची. आज पोट भरलं आहे, आज बियांचा कंटाळा आहे, एकवीस वर्षं मला निमित्तं पुरली.

पौषात कुंदा झाली, चांगली गुटगुटीत. सासूबाई म्हणाल्या, केशराचं दूध. हे म्हणाले, चार दिवस का होईना, घरात कच्च्या आहाराचं वातावरण होतं. वन्सं बाळंतिणीच्या खोलीतून ओरडल्या, "आणि हिनं नऊ महिने वाहिलं त्याचं काही नाही का वं?" माझ्या बाळंतपणातलं मला सगळ्यात गोड लागलेलं काही असेल तर ते हे वाक्य.

पुढे वर्षं गेली आणि वन्संचा कायदा आमच्या घरातून बाहेर पडून मोहल्ल्यात गेला. हळदीकुंकवात कोणी नव्या पोटुशीला उपदेश करायला लागलं आणि दारातून वन्संचा आवाज आला, की एखादी म्हणायची, "बस करो, दीदी आ गईं, अब आठ दिन भुगतना पड़ेगा." लढाईच्या काळात व्हिटॅमिनं आली. जो तो भाजीकडे बोट दाखवून ए, बी, सी म्हणायला लागला. वन्सं म्हणाल्या, अक्षरं नवी आहेत, भाजी तीच आहे, खाऊन घ्या. शेजारच्या घरात एक विलायती भुकटीचा डबा आला. त्याच्यावर गुबगुबीत गोऱ्या बाळाचं चित्र. ती भुकटी सुनेला रोज तीनदा, दोन जिवांचं म्हणून. वन्संनी डबा उलटसुलट फिरवून पाहिला आणि विचारलं, "या लेकराला कोणी विचारलं का, बाबा, तू काय खाल्लं होतं म्हणून?" मग अर्थातच त्या घरच्या सासूला आठ दिवस भुकटी प्यावी लागली.

या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. डॉक्टर तरुण, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी अळणी जेवायला सांगितलं. वन्संनी डोळे बारीक केले, "डाक्टर साहब, आप ने खाया है कभी? आठ दिन?" आम्ही सगळे पाहत होतो. तो भला माणूस म्हणाला, "नहीं माँजी. खा के आता हूँ." आणि नवव्या दिवशी खरंच आला. आठही दिवस अळणी जेवला होता. सोबत आणलेल्या त्याच्या आईनं शेजारच्या खुर्चीवर बसून साक्ष दिली. वन्संनी कपाळावर हात मारला, "हरले बाई!" आणि त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी मिठाचा खडा तोंडात घातला नाही, की एकदाही कुरकुर केली नाही. मला त्यांचा सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो तेव्हा.

आता मी माझ्या लाजेची गोष्ट सांगते. कुंदा माहेरी आली. मी तिला म्हणाले, सगळं खा बाई, तिखट खा, आंबट खा, जांभळं खा. फक्त सीताफळ तेवढं नको. हे मी अगदी सहज बोलल्यासारखं बोलले. कुंदा आत्याच्या तालमीत वाढलेली. ती तडक आत्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. वन्सं पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. सुशीलाला त्यांनी काहीतरी काम सांगून बाहेर पाठवलं.

"काय ऐकून राहिले मी? तू कुंदीला सीताफळ बंद केलं?"

मी पलंगाच्या कडेला बसले.

"कायदा माहीत आहे ना? आधी आठ दिवस आपण."

"वन्सं," मी म्हणाले, "मी एकवीस वर्षं पाळते आहे."

वन्संनी तोंड उघडलं आणि मिटलं. घंगाळ घेऊन दारात उभ्या होत्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मग खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "मी पण."

मला आधी समजलंच नाही. मग मी आठवायला लागले. गव्हात हात घालताना वन्सं, गर काढताना वन्सं, बोटं धुताना वन्सं, वाट्या भरताना वन्सं... आणि खाताना? भेडाघाटच्या त्या खडकानंतर एकदाही नाही. एवढी वर्षं मी त्यांना निमित्तं सांगत होते आणि त्यांच्या हातात कधीच वाटी नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"त्या सगळ्या बायांना विचारलं ना मी," त्या म्हणाल्या. "एकीला काही झालं नाही. डोक्याला पटलं गं, की त्यानं नव्हतं झालं. पण हाताला नव्हतं पटत. आपल्या हातानं दिलं होतं ना... तू त्या दिवशी माझं नाव काहून नाही घेतलं?"

"तुम्ही मायेनं दिलं होतं."

"तेच तर लागून राहिलं मला. नाव घेतलं असतं तर चार दिवस आईच्या शिव्या खाल्ल्या असत्या आणि सुटले असते." मग एकदम त्या हसायला लागल्या, अशा की त्यांना ठसका लागला आणि मी पाठीवर हात फिरवायला उठले. "अख्ख्या जबलपूरला शहाणं करून राहिले मी, आणि आपण दोघी? चलो, बस झालं. परवाच सीताफळं घातलीत कोठीत. तीन दिवसांनी ये दुपारी. कुंदीलाही आण. तिघी बसून खाऊ."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. एकवीस वर्षांचं रडले. त्या माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणत होत्या, "तुझ्यानं नव्हतं झालं इंदू. माझ्यानंही नव्हतं झालं. ते तसंच व्हायचं होतं." घरी येताना मला इतकं हलकं वाटत होतं की वाटेत हिरवी मिरची घ्यायची होती तीही विसरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

ग्वारीघाटावर अस्थी सोडून पुरुषमंडळी परतली त्या दिवशी सुशीला मला म्हणाली, "मामी, कोठीतून वास येऊन राहिला. सासूबाईंनी कोणाला हात लावू दिला नव्हता. म्हणाल्या, इंदू येईल तेव्हाच सीताफळं काढायची." मी बाही सारून गव्हात हात घातला. पाच होती. एक फुटून गव्हात मिसळलं होतं, चार चांगली होती. दुःखाच्या घरात हे काय, असं कोणाला वाटलं असेल तर वाटो. वन्संनी आखलेला बेत मोडायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. कोठीपाशीच जमिनीवर बसून मी एक फोडलं, अर्धं कुंदाच्या हातावर ठेवलं आणि अर्धं स्वतः खाल्लं. गोड होतं. फार गोड होतं. एवढी वर्षं मी याला भ्याले? मला रडू कोसळलं, आणि तोंडात बी असताना नीट रडता येईना म्हणून हसू आलं. कुंदानं तोवर आपली बी खिडकीतून अंगणात उडवली, थेट तुळशीपलीकडे. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

तेरावं झालं आणि मग माझ्या मनात आलं की नको म्हणणाऱ्यानं आठ दिवस पाळायचं असेल, तर खा म्हणणाऱ्यानंही आधी आठ दिवस खाल्लं पाहिजे. म्हणून कुंदाला पुन्हा सीताफळ देण्याआधी मी रीतसर आठ दिवस, रोज एक, खाल्लं. नवव्या दिवशी मला सणसणीत सर्दी झाली. सासूबाई वर स्वर्गात बसून आनंदल्या असतील. वन्संनी सर्दीला आठ दिवस दिले असते. कुंदाची प्रकृती उत्तम आहे, बाळ आतून लाथा मारतं, आणि पुढे जे व्हायचं ते होईल. काही झालं तरी तिला कोणी काय खाल्लं म्हणून विचारणार नाही, एवढं मी पाहीन.

सुशीलानं कोठी मला दिली. आमच्या स्वयंपाकघरात ती कोपऱ्यात आहे, निम्मी गव्हानं भरलेली. हंगाम सरत आला. कालच बरगीकडच्या बाईनं शेवटची टोपली आणली. मी तिला अंगणात बसवलं, पाणी दिलं, तो प्रश्न विचारला आणि तीही हसली. सीताफळं गव्हात घातली आहेत, अजून टणक लागतात. वाट्या मी आजच घासून ठेवल्या. कुंदाची एक, माझी एक, आणि घासताना तिसरीही हातात आली. ती मी परत फळीवर ठेवली नाही.